बाळंतपणानंतरचा सव्वा महिना: आईच्या शरीरात आणि मनात नेमकं काय घडतं? काय नॉर्मल आणि काय धोक्याचं?

घरात बाळ जन्माला आलं की फोन सुरू होतात. मुलगा की मुलगी? वजन किती? नॉर्मल की सिझर? कोणावर गेलंय? या सगळ्यात 'आई कशी आहे?' असं कुणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं असतं. 'दोघंही सुखरूप आहेत.'

बाळंतीण सुखरूप असते हे खरं, पण ती बरी व्हायला त्या दिवसापासून सुरुवात झालेली असते. गर्भाशय पूर्वपदावर येणं, टाके भरणं, दूध उतरणं, रक्त भरून निघणं, हार्मोन्सची उलथापालथ आणि त्यात तुकड्यातुकड्यांची झोप, हे सगळं पुढच्या काही आठवड्यांत एकाच वेळी चालू असतं. डॉक्टर हा काळ साधारण ६ आठवड्यांचा, म्हणजे ४२ दिवसांचा धरतात. आपल्याकडे पूर्वापार 'सव्वा महिना' पाळला जातो. दोन्ही हिशेब जवळपास सारखेच आहेत.

अडचण अशी, की या काळात होणाऱ्या बहुतेक त्रासांवर घरात एकच उत्तर मिळतं. 'बाळंतपणात एवढं चालायचंच.' पुष्कळदा ते बरोबर असतं. कधीकधी मात्र ते जिवावर बेतणारं ठरतं. मग फरक कसा ओळखायचा?

एक सोपी कसोटी: कमी होतंय की वाढतंय?

बाळंतपणानंतरचे नेहमीचे त्रास रोज थोडे थोडे ओसरत जातात. आज दुखतंय त्यापेक्षा चार दिवसांनी कमी दुखायला हवं. रक्तस्राव कमी व्हायला हवा, रंग फिका पडायला हवा, रडू कमी यायला हवं. एखादी गोष्ट कमी होण्याऐवजी वाढत असेल, किंवा थांबलेला त्रास पुन्हा सुरू झाला असेल, तर ती डॉक्टरांना सांगायची गोष्ट आहे.

काही लक्षणांसाठी मात्र वाट बघायचीच नसते. ती पुढे दिली आहेत. आधी नेहमीचं काय, ते पाहू.

शरीरात काय काय बदलतं?

गर्भाशय: बाळ जन्मल्यावर लगेच गर्भाशयाचं वजन साधारण १ किलो असतं आणि त्याचा वरचा भाग बेंबीच्या आसपास लागतो. तिथून ते रोज साधारण एक सेंटीमीटर खाली सरकतं. दहा ते चौदा दिवसांत ते ओटीपोटाच्या हाडांआड जातं आणि ६ आठवड्यांत १०० ग्रॅमच्या आत येतं. पोट लगेच सपाट होत नाही याचं हेही एक कारण आहे. बाळाला पाजताना पोटात कळा येतात, कारण त्या वेळी स्रवणारं ऑक्सिटोसिन गर्भाशयालाही आकुंचन पावायला लावतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला या कळा जास्त जाणवतात.

अंगावरून जाणं: वार जिथून सुटली ती जागा ही गर्भाशयाच्या आतली जखमच असते. ती भरून येईपर्यंत रक्तस्राव होतो. पहिले काही दिवस लाल, मग गुलाबी-तपकिरी आणि शेवटी पिवळसर-पांढरा, असा त्याचा प्रवास असतो. तो ४ ते ६ आठवडे चालू शकतो. सिझर झालेल्यांनाही तो होतो, कारण वारेची जखम दोघींनाही असते. जास्त कामाच्या दिवशी रक्त थोडं वाढलं तर शरीर विश्रांती मागत आहे असं समजावं.

टाके: नॉर्मल बाळंतपणातले टाके बहुधा आपोआप विरघळतात आणि दोन-तीन आठवड्यांत दुखणं बरंच कमी होतं. सिझरची गोष्ट वेगळी आहे. बाहेरून एक रेघ दिसते, पण कातडीखाली चरबी, स्नायूंवरचं आवरण आणि गर्भाशय असे अनेक थर कापून पुन्हा शिवलेले असतात. ही पोटाची मोठी शस्त्रक्रियाच असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात साधारण चारातलं एक बाळंतपण सिझरनं होतं. ते इतकं नेहमीचं झालंय, की अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मिळणारी विश्रांतीही कधीकधी सिझर झालेल्या बाईला मिळत नाही. पहिले ६ आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये. पलंगावरून उठताना सरळ न उठता आधी कुशीवर वळावं आणि मग हाताचा आधार घेऊन उठावं.

दूध: पहिले दोन-तीन दिवस थोडाच, घट्ट पिवळसर चीक येतो. बाळाला तेवढा पुरतो. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध उतरतं आणि छाती जड होते, ठणकते. दूध साचून गाठ झाली तर पाजणं थांबवू नये. बाळाला नीट धरून पाजत राहिलं की ती सहसा मोकळी होते. गाठीवरची त्वचा लाल होऊन ताप-थंडी भरली, तर मात्र संसर्गाची शक्यता असते.

लघवी आणि शौच: खोकताना किंवा शिंकताना थेंबभर लघवी होणं, बद्धकोष्ठता, मूळव्याध या गोष्टी खूप जणींना होतात आणि फारच थोड्या जणी त्या बोलून दाखवतात. लघवी रोखून धरताना जे स्नायू आपण आवळतो, ते दिवसातून काही वेळा आवळून सोडण्याचा व्यायाम उपयोगी पडतो. लघवीची गळती आठवड्यांमागून आठवडे तशीच राहिली, तर 'आता असंच राहणार' म्हणून सोडून देऊ नये. त्यावर उपचार आहेत.

सव्वा महिन्यातलं काय ठेवावं, काय सोडावं?

बाळंतिणीला घरकामातून सुट्टी, आयतं गरम जेवण, अंगाला तेल लावायला येणाऱ्या बाई, पहिल्या खेपेला माहेरपण. या जुन्या व्यवस्थेचा गाभा पक्का आहे. शरीर भरून येण्यासाठी विश्रांती, अन्न आणि माणसांचा आधार लागतो, हे ती व्यवस्था ओळखून होती.

डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, मेथी, तीळ, खोबरं, तूप यांतून भरपूर ऊर्जा मिळते, आणि अळीव लोहाचा चांगला स्रोत आहे. अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले ६ महिने रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस सांगते. म्हणजे लाडू चालतील, पण सोबत डाळ, उसळ, अंडी, दूध, पालेभाज्या आणि फळंही हवीत. 'हे बाधेल, ते बाधेल' करत बाळंतिणीला नुसत्या मऊ भातावर ठेवलं, तर तिचीच झीज होते. सरकारी कार्यक्रमानुसार बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यायची असते आणि ६ महिने कॅल्शियमच्या गोळ्याही. त्या आरोग्य केंद्रात मोफत मिळतात.

काही रूढी मात्र सोडलेल्या बऱ्या.

- पाणी तोडणं. 'पोट सुटेल' म्हणून बाळंतिणीला घोट-घोट पाणी देतात. पाणी प्यायल्यानं पोट सुटत नाही. उलट बद्धकोष्ठता वाढते आणि लघवीच्या संसर्गाचा धोका वाढतो.
- बंद खोलीत शेगडी. दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी किंवा धुरी ठेवली, की कार्बन मोनॉक्साइड साचू शकतो. या वायूला वास नसतो आणि तो आई-बाळ दोघांसाठी जीवघेणा असतो. शेक घ्यायचाच असेल तर खोलीत हवा खेळती हवी.
- महिनाभर आडवं पडून राहणं. बाळंतपणानंतरच्या ६ आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून विश्रांती घ्यावी, पण घरातल्या घरात फिरणं पहिल्या दिवसापासून हवं.
- पोट करकचून बांधणं. सैलसर पट्ट्यानं आधार वाटतो, सिझरनंतर चालायला बरं पडतं. पण पट्ट्यानं गर्भाशय लवकर आकसत नाही किंवा चरबी विरघळत नाही.

ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका

- तासाभरात एक पॅड पूर्ण भिजणं किंवा मोठाल्या गाठी पडणं
- १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, स्रावाला घाण वास, टाक्यांतून पू
- न थांबणारी तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक, पोटात बरगडीखाली दुखणं, झटके
- एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं, लाल होणं
- अचानक धाप लागणं किंवा छातीत दुखणं
- स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार, भास, असंबद्ध बोलणं

यातली डोकेदुखी खास लक्षात ठेवण्यासारखी आहे. 'बाळ झालं की बीपीचा प्रश्न संपला' असा समज असतो. प्रत्यक्षात बाळंतपणानंतर ६ आठवड्यांपर्यंत रक्तदाब धोकादायक पातळीवर जाऊ शकतो, आणि गरोदरपणात तो नॉर्मल असलेल्या बाईचाही जाऊ शकतो.

धाप लागण्याचं उदाहरण जगभर गाजलेलं आहे. टेनिसपटू सेरेना विल्यम्सची मुलगी १ सप्टेंबर २०१७ रोजी सिझरनं जन्मली. दुसऱ्या दिवशी सेरेनाला धाप लागली. तिला पूर्वी फुप्फुसात गुठळ्या झाल्या होत्या, त्यामुळे काय होतंय हे तिनं ओळखलं आणि तपासणीचा आग्रह धरला. स्कॅनमध्ये फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. औषधांमुळे तिला काहीतरी वाटतंय, असं आधी समजलं गेल्याचं तिनं नंतर सांगितलं. जगातल्या सर्वांत तंदुरुस्त खेळाडूंपैकी एकीला आपलं दुखणं पटवून द्यावं लागलं. घरातल्या सुनेला किंवा लेकीला ते किती अवघड जात असेल, याचा अंदाज यावरून येतो.

महाराष्ट्रात तातडीच्या वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. गरोदर, बाळंतीण आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ ही सेवा आहे.

पाचवीचं रडू आणि बारशानंतरचं रडू

वार बाहेर पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स काही दिवसांत झपाट्यानं खाली येतात. त्यातच दूध उतरतं, झोप मोडलेली असते, टाके दुखत असतात. म्हणून तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास, म्हणजे घरात पाचवीची तयारी चालू असतानाच, बाळंतिणीला कारण नसताना रडू येतं. ती चिडते, घाबरते, क्षणात हसते. याला 'बेबी ब्लूज' म्हणतात. निम्म्याहून जास्त बाळंतिणींना तो कमी-अधिक होतो आणि औषधाविना दोन आठवड्यांत ओसरतो.

इथेही कसोटी तीच आहे. बारसं होईपर्यंत मन सावरायला लागलं पाहिजे. दोन आठवडे उलटूनही उदासी तशीच असेल किंवा वाढत असेल, तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्याच्या खुणा अशा: कशातच मन न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं किंवा सतत भीती वाटणं, 'मी वाईट आई आहे' असं मनात घोळणं, भूक मरणं. आणि एक नेमकी खूण म्हणजे बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप न येणं.

हे नैराश्य बाळाच्या पहिल्या वर्षात कधीही सुरू होऊ शकतं. आपल्याकडे सव्वा महिन्यानंतर किंवा दोन-तीन महिन्यांनी बाळंतीण सासरी परत जाते. मदतीचे हात एकदम कमी होतात, कामं सुरू होतात आणि रात्रीची जागरणं तशीच असतात. कुटुंबानं डोळे उघडे ठेवायची ही वेळ असते, पण तोपर्यंत सगळ्यांनी 'आता ती मोकळी झाली' असं मानलेलं असतं.

हे 'शहरी फॅड' आहे का?

'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आकडे वेगळं सांगतात. भारतात झालेल्या ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यानुसार भारतात साधारण २२ टक्के मातांमध्ये प्रसूतीनंतर नैराश्य आढळतं. म्हणजे पाच जणींमागे एक.

त्याआधी, २००२ मध्ये, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या मातांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. बाळंतपणानंतर ६ ते ८ आठवड्यांनी २३ टक्के स्त्रियांमध्ये नैराश्य आढळलं. त्यांतल्या बहुतेकींचा मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झाला होता. गरिबी आणि नवऱ्याशी बिघडलेलं नातं ही मोठी कारणं होती. बाळ मुलगा की मुलगी, यावरही आईची मनःस्थिती अवलंबून होती. आधीच मारहाण किंवा उपासमार सोसणाऱ्या बाईला मुलगी झाली, की धोका आणखी वाढत होता. फोनवर सर्वांत आधी विचारला जाणारा प्रश्न किती जड असू शकतो, ते यातून कळतं.

म्हणजे हा आजार हार्मोन्सपुरता नाही. घरातलं वातावरण त्यात भर घालतं किंवा त्याला उतार देतं.

ओळखायचं कसं आणि उपचार काय?

डॉक्टर यासाठी 'एडिनबरा' प्रश्नावली वापरतात. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत मागच्या सात दिवसांबद्दलचे फक्त १० प्रश्न असतात. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर 'कधीच नाही' याखेरीज काहीही आलं, तर बाकी गुण कितीही असोत, ते गांभीर्यानं घ्यायचं असतं.

उपचारांमध्ये समुपदेशन येतं आणि गरज पडल्यास औषधं. त्यातली काही औषधं डॉक्टरांच्या सल्ल्यानं अंगावर पाजत असतानाही घेता येतात. त्यामुळे 'दूध तोडावं लागेल' या भीतीनं उपचार टाळू नयेत. गोव्यातल्याच एका नंतरच्या प्रयोगात प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक महिलांनी गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांना नियमित भेटून आधार दिला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत त्याचा माफक का होईना, फायदा दिसला.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत उपलब्ध आहे. मराठीतही बोलता येतं.

हजारातल्या एक-दोन जणींना याहून गंभीर आजार होतो. सहसा पहिल्या दोन आठवड्यांतच भास, संशय, रात्र-रात्र झोप नसणं, बाळाबद्दल विचित्र कल्पना अशी लक्षणं दिसतात. घरचे 'बाहेरची बाधा' समजून अंगारे-धुपारे करण्यात दिवस घालवतात. यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका असतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात.

पाळी यायच्या आधीही दिवस राहू शकतात

हा विषय घरात कुणी काढत नाही. अंगावर न पाजणाऱ्या स्त्रीमध्ये बाळंतपणानंतर महिन्याच्या आतही बीज तयार होऊ शकतं, म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आधीच. अंगावरच्या दुधानं गर्भधारणा टळते, पण त्यासाठी तिन्ही अटी पाळल्या जायला हव्यात: बाळ ६ महिन्यांपेक्षा लहान, रात्रंदिवस फक्त आईचंच दूध आणि पाळी आलेली नाही. एक अट मोडली की भरवसा संपला. दोन बाळंतपणांत शरीराला सावरायला वेळ मिळावा म्हणून, पुढच्या गरोदरपणाआधी किमान २४ महिने थांबावं, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. शरीरसंबंध कधी सुरू करायचे याची ठरलेली तारीख नाही. स्राव थांबलेला असावा, जखम भरलेली असावी आणि मुख्य म्हणजे तिची इच्छा असावी.

विश्रांती सगळ्यांनाच मिळते का?

२०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्यानं पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. पण शेतमजुरी, वीटभट्टी, ऊसतोड, घरकाम करणाऱ्या बाईपर्यंत ही रजा पोहोचत नाही. तिचा सव्वा महिना हातावरच्या पोटावर ठरतो.

अशा घरांसाठी आशा कार्यकर्तीच्या भेटी मोलाच्या असतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याच्या या पद्धतीची पाळंमुळं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या कामात आहेत. आशाताई बाळाचं वजन करते, तसंच आईला दिवसात किती पॅड बदलावे लागतात, ती किती वेळा पोटभर जेवते, हेही विचारते. तिला उंबऱ्यातून परत न पाठवता बाळंतिणीशी मोकळेपणी बोलू द्यावं.

बेचाळिसावा दिवस: एक केसपेपर आईचाही

बाळंतपणानंतर पहिल्या ६ आठवड्यांत आईची किमान तीनदा तपासणी व्हावी, असं जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात: ४८ ते ७२ तासांत, मग ७ ते १४ दिवसांत आणि सहाव्या आठवड्यात. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर यातल्या बऱ्याच भेटी राहून जातात.

बाळाच्या लशींचं मात्र कुणी विसरत नाही. दीड महिन्याची लस ठरलेल्या दिवशी होते. ही लस ६ आठवडे पूर्ण झाल्यावर द्यायची असते, म्हणजे आईच्या शेवटच्या तपासणीची वेळही तीच. त्या दिवशी आई तशीही बाळाला घेऊन दवाखान्यात आलेली असते.

तेव्हा बाळाच्या केसपेपरसोबत तिचाही काढावा. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टाके, पाळणा लांबवण्याचे उपाय आणि 'मन कसं आहे?' हा प्रश्न. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. सोबत कुणी नवरा, आई किंवा सासू असेल, तर हे प्रश्न डॉक्टरांना विचारायची आठवण त्यांनी ठेवावी, कारण बाळाच्या लशीच्या धांदलीत ती स्वतःबद्दल बोलायचं बहुतेक राहून देईल.